लष्करी राजवटीतली पुरणपोळी

सत्तेपुढे मान न झुकवणारी माणसं इतिहासात थोडीच होतात, आणि त्यांतलं एक आमच्या घराण्यात झालं याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. अभिमान म्हणजे, अलीकडे आहे. त्याआधी बरीच वर्षं आम्ही हा विषय पाहुण्यांसमोर काढत नव्हतो.

ते माणूस म्हणजे माझे मामा. वय ऐंशीच्या पुढे, उंची बेताची, आवाज मात्र छापखान्यातल्या यंत्रांवर ओरडून ओरडून कमावलेला. तरुणपणी ते पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात गेले, तिथे छापखाना काढला, आणि लग्नपत्रिका, बिस्किटांची वेष्टणं, चर्चची कॅलेंडरं असं काय काय छापता छापता त्यांनी एक इंग्रजी साप्ताहिक सुरू केलं. देशाचं नाव सांगत नाही. तो देश आता सुधारला आहे, आणि जुन्या गोष्टींची आठवण करून दिलेली सुधारलेल्या कुणालाच आवडत नाही.

साप्ताहिक चार पानी होतं. बंदरात कोणती बोट लागली, कुणाच्या बकऱ्या कुणाच्या मक्यात शिरल्या, कुठल्या शाळेचं छप्पर उडालं, असा मजकूर असायचा. मग तिथे एका जनरलने राज्य ताब्यात घेतलं. आपण फक्त काही दिवसांसाठी आलो आहोत, असं त्याने रेडिओवर सांगितलं आणि पुढची बरीच वर्षं दर वाढदिवसाला तेच सांगितलं. छापखान्यात एक कॅप्टन येऊन बसू लागला. त्याच्या हातात निळी पेन्सिल असायची. त्याने खोडलेला मजकूर छापायचा नाही, असा नियम होता. मामांनी नियम पाळला. खोडलेल्या जागा त्यांनी कोऱ्या सोडल्या आणि अंक पांढरे चौकोन घेऊन बाजारात जायला लागला. महिन्याभरात दुसरा हुकूम आला: कोऱ्या जागेमुळे जनतेत गैरसमज पसरतो, तरी जागा कोरी सोडू नये.

मामांनी हाही नियम पाळला. ते त्या जागांत मामीच्या पाककृती छापू लागले.

मामी स्वयंपाकघरातून सांगायची, मामा इंग्रजीत उतरवून खिळे जुळवणाऱ्याकडे द्यायचे. कॅप्टनने छोटी बातमी खोडली की तिथे काकडीची कोशिंबीर यायची. जरा मोठी खोडली की थालीपीठ. सरकारी गोदामातला तांदूळ कुठे गेला ही बातमी गेली त्या आठवड्यात पहिल्या पानावर अळूवडी होती. जनरलचा मेहुणा बंदराचा प्रमुख झाला तेव्हा दोन कॉलम भरून पुरणपोळी आली. पाककृतीच्या ओळी जागेला कमी पडल्या तर मामा मनाने साहित्य वाढवायचे. वाचक हुशार होते. अंक हातात आला की आधी पदार्थ किती लांब आहे ते बघायचे आणि त्यावरून सरकारात काय शिजतंय याचा अंदाज बांधायचे. मामीला मात्र हे कधीच पटलं नाही. "जनरलने त्या देशाचं काय केलं ते मला ठाऊक नाही," ती म्हणायची, "पण ह्यांनी माझ्या अळूवडीचं वाटोळं केलं."

शेवटी मामांना अटक झाली, छापखान्याला कुलूप लागलं, आणि मामा-मामी दोन सुटकेसा घेऊन मुंबईत परतले. नेमकं काय झालं ते मामा सांगायला तयार होते, पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं, कारण नातेवाइकांना तोवर जास्त चांगलं कारण सापडलं होतं. तिकडे बाईचं काहीतरी झालं. हे कुणी शोधून काढलं माहीत नाही. पण घरोघरी, लग्नामुंजीत, भाजी निवडताना ते इतकं सांगितलं गेलं की पुढे पुढे मामांच्या नावाआधी लोक आवाज खाली करायचे.

मामी गेल्यावर मामा दुबईला आले. त्यांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, डिस्कव्हरी गार्डन्सला राहते. आमच्या इमारतीपासून चालत पाच मिनिटं, उन्हाळ्यात गाडीने पाच मिनिटं. तिच्याकडे तिच्या सासूबाईही असतात. म्हणजे दोन बेडरूमच्या घरात एकीकडे मामा आणि दुसरीकडे त्यांच्या विहीणबाई. आणि विहीणबाई या त्या बाईच्या गोष्टीच्या आजच्या घडीच्या मुख्य वितरक. तोंडावर कधी बोलायच्या नाहीत. फक्त टीव्हीवर कुणी देश सोडून पळालं अशी बातमी लागली की म्हणायच्या, "माणूस उगाच नाही हो असा रातोरात येत."

मामा वर्तमानपत्राची घडी घालायचे आणि बाल्कनीत जायचे.

एकदा मी त्यांना म्हटलं, "मामा, एकदा सरळ सांगून टाका ना त्यांना."

"घरी सांगितलं की तो खुलासा होतो," मामा म्हणाले. "आणि घरी सांगायला लागलो की त्यांची मालिका सुरू होते. चारचौघांत, स्टेजवरून सांगता आलं पाहिजे. त्यांना पहिल्या रांगेत बसवून. मधे उठता येऊ नये असं."

ते हसत म्हणाले, पण मामा ज्या गोष्टी हसत म्हणतात त्यांवर नीट लक्ष ठेवावं लागतं. मी त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीवर होतो. कमिटीवर माणूस का जातो याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मी गेलो होतो, कारण मीटिंगला गैरहजर राहिलो होतो. मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे मिळत नव्हते. मुंबईहून नट बोलवायचा तर तिकीट, हॉटेल आणि वर तो येईलच याची खात्री नाही. मी मामांचं नाव सुचवलं. "लष्करी हुकूमशाहीशी झुंजलेला मराठी संपादक" असं म्हणालो. कमिटीने मान डोलावली. मामा डिस्कव्हरी गार्डन्सलाच राहतात हे कळल्यावर जास्त डोलावली.

आमचे अध्यक्ष एका मोठ्या कंपनीत फॅसिलिटीज मॅनेजर. भला माणूस. मंडळाच्या ढोलपथकापासून ते तिळगुळापर्यंत सगळ्याला ते "इव्हेंट" म्हणतात आणि प्रत्येक इव्हेंटला त्यांच्याकडे एक रिस्क असेसमेंट असतं. त्यांनी मामांचं भाषण आधी मागितलं.

मामांनी ते आठवडाभर बसून लिहिलं. फुलस्केप कागदावर, समास सोडून. माझ्या मामेबहिणीने टाइप केलं, मी अध्यक्षांना पाठवलं. दोन दिवसांनी परत आलं ते लाल होऊन आलं.

मी अध्यक्षांना फोन केला.

"हे बघा, पर्सनली मला खूपच आवडलं," ते म्हणाले. "म्हणजे अंगावर काटा. पण आपली परमिशन आहे ती कल्चरल प्रोग्रॅमची. त्यात हा जनरल कुठे बसवू मी?"

"जनरल दुसऱ्या देशातला आहे. आणि वारलाय."

"तरी पण. जनरल म्हणजे... जनरल. सभागृहात कोण बसलंय काय माहीत? कुणी व्हिडिओ काढला, फॉरवर्ड केला. अहो, माझी दोन पोरं इथल्या शाळेत आहेत."

"मग कॅप्टन तरी ठेवा."

"कॅप्टनही नको. अटकही नको. वृत्तपत्र हा शब्द मी ठेवणार होतो, पण सेक्रेटरी म्हणाले, आता ठेवायचं तर मग का ठेवलं ते विचारतील. काकांना सांगा, शॉर्ट अँड स्वीट. इन्शाल्ला पुढच्या वर्षी सविस्तर करू."

तो लाल झालेला मजकूर मी मामांना लॅपटॉपवर दाखवला. खोडलेली प्रत्येक ओळ जागेवरच होती, फक्त तिच्या पोटातून एक लाल रेघ गेली होती. मामांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"प्रगती आहे," ते म्हणाले. "आमच्या कॅप्टनने खोडलेलं वाचता यायचं नाही. आणि हे कुणी केलं?"

"अध्यक्षांनी."

"समोर बसून नाही केलं?"

"ईमेलवर."

"कॅप्टन बरा होता. तो चहा तरी प्यायचा माझ्याबरोबर."

उरलेल्या भाषणात मामांचा जन्म होता, मुंबईला छपाईचं शिक्षण होतं, परदेशगमन होतं, "तिथे व्यवसाय केला" होतं, आणि शेवटी मायबोलीवर प्रेम करा हे होतं. मामांनी ते मोठ्याने वाचून पाहिलं. तीन मिनिटांत संपलं. आतल्या खोलीतून विहीणबाईंचा आवाज आला, "झालं का? एवढंच होय?"

मामांनी लॅपटॉप मिटला. मला वाईट वाटलं ते त्या क्षणी. वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं स्टेज शेवटी मिळालं, तर त्यावर जन्म आणि मायबोली एवढंच न्यायची परवानगी होती, आणि पहिल्या रांगेत विहीणबाई बसणारच होत्या. त्या घरी येताना म्हणणार होत्या की पाहिलंत, स्टेजवर उभं राहूनसुद्धा माणसाने परत यायचं कारण सांगितलं नाही.

"मी नाव मागे घेतो," मी म्हणालो.

"थांब," मामा म्हणाले.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांचा पुन्हा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "काका, एक रिक्वेस्ट. भाषण छोटं झालंय हे ठीक आहे, पण तुमचा स्लॉट पंधरा मिनिटांचा आहे, तो पूर्ण लागेल. मागे पोरींना नऊवारी नेसवायची आहे. पंधरा मिनिटं हलायचं नाही स्टेजवरून. गॅप नको पडायला. ऑडियन्सला रिकामं बसवलं की ते वड्याच्या काउंटरवर जातात, मग परत येत नाहीत."

"म्हणजे जागा कोरी सोडायची नाही," मामा म्हणाले.

"एक्झॅक्टली."

"भरतो," मामा म्हणाले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

कार्यक्रम एका भारतीय शाळेच्या हॉलमध्ये होता. एसी इतका होता की पैठण्यांवर स्वेटर चढले होते. अजमानहून मंडळी एका गाडीत सहा अशी दाटीवाटीने, ट्रॅफिकला शिव्या घालत आली होती. बटाटेवडा तीन दिरहमला होता, आणि तो हातात घेणारा प्रत्येक जण "म्हणजे सत्तर रुपये" असं म्हणूनच पहिला घास घेत होता. अध्यक्षांनी मामांची ओळख करून दिली. हुकूमशाही गेल्यामुळे त्या ओळखीत काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी मामांना "प्रिंटिंग सेक्टरमधले ज्येष्ठ उद्योजक" म्हटलं. मामांची नात माझ्या शेजारी बसली होती. "इज आजोबा फेमस ऑर नॉट?" तिने विचारलं. मी म्हटलं, पंधरा मिनिटांत ठरेल.

मामा उठले, माइकसमोर उभे राहिले. जन्म झाला. शिक्षण झालं. मग ते म्हणाले, "मी परदेशी गेलो. तिथे एक छापखाना काढला. आणि छापखाना नीट चालू लागल्यावर मी..."

इथे लाल रेघ होती.

"...दोन वाट्या हरभऱ्याची डाळ घ्यावी," मामा म्हणाले. "स्वच्छ धुवावी. चौपट पाण्यात शिजत घालावी."

हॉलमध्ये खुर्च्यांचा एक आवाज झाला. माझ्या मामेबहिणीने पदर तोंडाला लावला.

"पुढे त्या देशात मोठा बदल घडला," मामा शांतपणे म्हणाले. "त्या बदलाविषयी सांगायचं तर, डाळ बोटाने दाबून बघावी. मऊ झाली असं वरून वाटतं, आत कणी असते. त्यानंतर माझ्याकडे एक गृहस्थ येऊन बसू लागले. ते दर आठवड्याला यायचे, आणि आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे, पाणी निथळून घ्यावं. एक थेंब राहता कामा नये."

मागच्या रांगेत दोन बायकांनी फोन काढून लिहून घ्यायला सुरुवात केली. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. वयोमानाने होतं असं, अशा अर्थाची एक कुजबुज आमच्या रांगेपर्यंत पोचली. अध्यक्ष पडद्याच्या कडेला उभे होते. त्यांच्या हातात मंजूर झालेल्या भाषणाची प्रत होती आणि ते पुरणाचा परिच्छेद शोधत होते.

"एके सकाळी ते गृहस्थ मला गाडीत बसवून घेऊन गेले," मामा म्हणाले. "जिथे नेलं तिथे आच मंद ठेवावी. पुरण ढवळत राहावं. किती वेळ ठेवावं याला नियम नाही. उलथनं पुरणात सरळ उभं राहिलं की सोडावं. मग त्यात वेलदोडे घालावेत. वीस."

"काय?"

हा आवाज पहिल्या रांगेतून आला. विहीणबाई अर्ध्या उठल्या होत्या. दोन वाट्यांपर्यंत त्यांनी कळ काढली होती, पण वीस हा आकडा त्यांना सोसला नाही.

"अहो व्याहीबुवा! दोन वाट्यांना वीस वेलदोडे? पुरण आहे की काढा? आणि गूळ कुठाय? तुम्ही गूळच घातला नाहीत!"

"विहीणबाई," मामा माइकमधून म्हणाले, "जागा भरायची होती."

"कसली जागा?"

मामांनी पडद्याकडे मान वळवली. "अध्यक्ष महाशय, तुम्ही खोडलेला एक शब्दही मी उच्चारलेला नाही. पण हा प्रश्न आलाय. आणि प्रश्न माझ्या घरातून आलाय. उत्तर न देणं बरं दिसणार नाही."

अध्यक्षांनी प्रतीकडे पाहिलं. प्रश्नोत्तरांविषयी तीत काही नव्हतं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सांगा काका, गुळाचं सांगा!" आणि पडद्याआडून एक बाई धावत येऊन अध्यक्षांच्या कानाशी म्हणाली, जे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "अजून दहा मिनिटं ओढा, पाच पोरींचे काष्टे राहिलेत."

अध्यक्षांनी हात जोडले. ते नमस्कार म्हणून होते की दुसरं काही, ते मामांनी विचारलं नाही. त्यांनी उत्तर दिलं.

त्यांनी सगळं सांगितलं: जनरल, निळी पेन्सिल, पांढरे चौकोन, कोशिंबिरीपासून पुरणपोळीपर्यंत. मघापासून ज्यांना हा माणूस भरकटलाय असं वाटत होतं त्यांना आता कुठे डाळ कशी शिजत होती ते कळायला लागलं, आणि हसू रांगेरांगेने मागे गेलं. फोनवर लिहिणाऱ्या दोघींनी लिहिणं थांबवलं.

"पण पकडलं कसं तुम्हाला?" विहीणबाईंनी विचारलं. त्या आता बसल्या होत्या, पण खुर्चीच्या टोकावर.

"पोळीवरून," मामा म्हणाले. "कॅप्टनच्या बायकोने ती करून बघितली. डाळ मिळाली नाही म्हणून चवळी घेतली. बाकी सगळं अंकात होतं तसं, वीस वेलदोड्यांसकट. कॅप्टनने ती खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. म्हणाला, तुमच्या देशात हे खरोखर खातात? आता मी काय करणार? हो म्हणालो असतो तर वाचलो असतो. पण आमची ही छापखान्याच्या दारात उभी होती. ही म्हणाली, आमच्यात चार घालतात. कॅप्टनने विचारलं, मग उरलेले सोळा कशाला? तिथे त्याला उमगलं."

"मग?"

"मग तिसरा हुकूम आला, वृत्तपत्रांनी पाककृती छापू नयेत. मी तो हुकूम छापला. सरकारी हुकूम छापायला मनाई नव्हती. फक्त वर मथळे दिले, साहित्य आणि कृती. साहित्याखाली जनरलची सही."

टाळ्या पडल्या. त्या बराच वेळ पडत राहिल्या आणि मामा त्या थांबेपर्यंत कागद हातात धरून उभे राहिले. मला एवढंच दिसत होतं की ते टाळ्यांकडे नाही, पहिल्या रांगेकडे बघत आहेत.

"त्याबद्दल नेलं मला," ते म्हणाले. "आणि त्याबद्दल आम्ही परत आलो. दुसरं काही कारण नव्हतं, विहीणबाई."

  विहीणबाईंनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. मग शेजारी बसलेल्या सुनेकडे झुकून त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हळू असला तरी पुरेसा असतो:

"म्हणजे बाई होतीच. कॅप्टनची."

सून म्हणाली, "आई!"

"अगं, मी काही वाईट म्हणत नाहीये. बिचारीने चवळीचं पुरण केलं हो." मग त्या मामांकडे वळल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमच्या सौभाग्यवतींनी चार सांगितले ते बरोबर होतं. उगाच खोटं बोलल्या नाहीत त्या. माणसं चांगली तुम्ही."

मामांनी मान लववली. मी त्यांना आयुष्यात कुणापुढे मान लववताना पाहिलं ते तेवढंच. मग काष्टे नेसून झाल्याची खूण आली, अध्यक्ष झपझप पुढे आले, "खलास, थँक यू काका" म्हणाले, आणि लेझीम सुरू झालं.

घरी येताना गाडीत विहीणबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. शेख झायेद रोडभर त्या कॅप्टनच्या बायकोची चौकशी करत होत्या. तिला मुलं किती, ती पुन्हा भेटली का, चवळी आधी भिजवली होती का. मामा मागून उत्तरं देत होते. ज्या गोष्टीने त्यांना इतकी वर्षं बाल्कनीत बसवलं होतं, तिची माहिती ते आता आपण होऊन, हौसेने पुरवत होते.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सेक्रेटरींनी कार्यक्रमाचा अहवाल टाकला. त्यात मामांविषयी एक वाक्य होतं: "प्रमुख पाहुण्यांनी पुरणपोळी या विषयावर उपयुक्त मार्गदर्शन केले." खाली पुष्कळ अंगठे उमटले होते. त्यांतला पहिला मामांचा होता.